लेकीबरोबर शिकलेले हात

घरातलं हिंडतं-फिरतं माणूस एकाएकी अंथरुणाला खिळलं आणि त्याच घरात चार वर्षांचं मूल असलं, की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. या माणसाचं काय होणार, आणि तोवर मुलाचं काय करायचं? आमच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात आले.

मी डॉक्टर नाही, शाळेतली बाईही नाही. गुंजवण्यात राहते, राजगडाच्या पायथ्याशी. शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालते. मिस्टरांचा टेम्पो आहे, ते भाजी नि दूध घेऊन नसरापूरला जातात. सासूबाई शेळ्या आणि भातशेती बघतात. आणि आमची ईश्वरी, म्हणजे ईशू. आजारपणाआधी मी दिवसभरात कधी टेकत नसे. टेकले की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. असल्या बाईला जेव्हा बोटसुद्धा हलवता येईना, तेव्हा काय झालं ते लिहिते. आज कुणी तसंच पडून छताकडं बघत असेल, तर आतली ही तगमग आपल्या एकट्याचीच नाही, एवढं तरी त्याला कळावं.

पायातल्या मुंग्या

पावसाळ्यात मला जुलाब झाले. गावात निम्म्या लोकांना होतात, तसेच. बरे झाले, विसरूनही गेले. त्यानंतर थोड्या दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. शेतात चिखलात उभी राहिले होते म्हणून असेल, असं म्हणून मी पाय शेकले. दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या.

त्या रविवारी पुण्याच्या पोरांची मोठी ऑर्डर होती. मी भाकऱ्या थापत होते. एक भाकरी उचलून तव्यावर टाकताना हातातून निसटली आणि चुलीत पडली. दुसरीही पडली. सासूबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या, त्यांनी तिथनंच विचारलं, "काय गं, लक्ष कुठं हाय?"

"हातच धरत न्हाई, आत्या," मी म्हणाले. सासूबाईंना मी आत्याच म्हणते.

त्या हसल्या. मीही हसले. मग पाणी आणायला उठले, तर उंबऱ्यावर पाय उचललाच गेला नाही. पाय उचल असं मी मनात म्हणतेय आणि पाय तिथंच. मी दारात बसले ती परत उठले नाही.

मिस्टरांनी मला उचलून टेम्पोत घातलं. ईशू मागं धावत आली, तिला वाटलं आम्ही बाजाराला निघालोय. "मला पन यायचंय," म्हणून तिनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं. टेम्पो वळेपर्यंत तिचा आवाज येत होता.

नसरापूरच्या डॉक्टरांनी रबरी हातोडी घेतली आणि माझ्या गुडघ्यावर मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मिस्टरांना म्हणाले, "पुण्याला न्या. आत्ता."

"उद्या सकाळी नेलं तर? घरी सांगून..."

"आत्ता म्हणालो ना."

त्यांचा तो आवाज ऐकला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

काचेपलीकडं

पुण्याच्या दवाखान्यात पाठीतून पाणी काढलं, हातापायांना करंट लावून तपासलं. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. गुलियन बारे. मिस्टरांनी तीनदा विचारलं तरी त्यांना ते नीट म्हणता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर जंतूशी लढता लढता चुकून स्वतःच्याच नसांवर उठलंय. बहुतेक लोक यातून उठतात. पण आधी हे अजून वर चढेल, मग थांबेल, मग हळूहळू उतरेल.

"कुठपर्यंत चढंल?" मी विचारलं.

"तेच बघायचंय," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही त्यांनी. तेव्हा राग आला होता, आता बरं वाटतं.

मला अतिदक्षता विभागात ठेवलं. सलाईनमधून औषध सुरू झालं. रोज कितीतरी वेळा एक नर्स यायची आणि म्हणायची, "ताई, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." छाती किती चालतेय ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हणत गेले. नंतर रोज श्वास आदल्या दिवसाच्या अलीकडंच संपायला लागला. एकदा तर इतका अलीकडं संपला की नर्स तडक डॉक्टरांना बोलवायला गेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घशात नळी होती आणि मशीन त्याचा श्वास घेत होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळायचे, पण मान वळत नसल्यामुळं दुसरीकडंही बघता येत नव्हतं.

लोकांना वाटतं, हलता येत नाही म्हणजे माणूस शांत पडून असतो. उलटं असतं. अंग निपचित आणि डोक्यात नुसती पळापळ. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही. कपाळावर खाज सुटली की कुणी येईपर्यंत जीव नुसता तळमळतो, आणि कुणी आलं की ती खाज कुठं होती ते सांगताना दमायला होतं. मनातल्या मनात मी घर झाडायचे, भांडी घासायचे, ईशूची वेणी घालायचे. वेणी घालून झाली की ती सोडायचे आणि परत घालायचे. त्यात दिवस जायचा.

घशात नळी घालायची वेळ माझ्यावर आली नाही. अगदी काठावर येऊन ते थांबलं. एका सकाळी आकडे आदल्या दिवसाएवढेच झाले. नर्स म्हणाली, "परत म्हणा बरं." परत तेवढेच. ती केरळची होती, मराठी मोडकं होतं. "थांबला," ती म्हणाली, "आजार थांबला, ताई," आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. जिथं खाज सुटायची नेमकं तिथंच.

तोवर ईशू माझ्या माहेरी, भोंगवलीला होती. वॉर्डात हलवल्यावर माझा भाऊ तिला भेटायला घेऊन आला. तिला आत सोडत नव्हते, म्हणून त्यानं दाराच्या काचेतनं तिला दाखवलं. तिनं मला बघितलं, नाकातली जेवणाची नळी बघितली आणि मामाच्या खांद्यात तोंड घातलं. मला हात हलवून दाखवायचा होता. हात हलला नाही. तिला वाटलं असेल, आईनं हातही केला नाही.

चिमट्यांची गोम

दसऱ्यानंतर मला घरी आणलं. तोवर मान वळत होती, हात कोपरापर्यंत उचलता येत होता, पण बोटं मात्र दुसऱ्या कुणाची तरी लावल्यासारखी. पेला धरता येत नव्हता. सासूबाई मला भरवायच्या, आंघोळ घालायच्या, सगळंच करायच्या. सगळं म्हणजे सगळं. ज्या बाईसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्यासमोर मी अशी पडलेली असायचे. त्या कधी बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी भिंतीला टेकून बसल्या की कंबरेवर हात ठेवून डोळे मिटायच्या, ते मला दिसायचं.

ईशू घरी आली, पण माझ्याजवळ येईना. दारातनं बघायची. मी हाक मारली की शेळ्यांकडं पळायची. अंगणवाडीतही जाईना. दारात सोडलं की रडायची, परत आणलं की दिवसभर घरात चकरा मारायची. हे उचल, ते पाड. मी खाटेवर तळमळतेय आणि ती घरभर. आम्ही दोघी एकाच घरात बेचैन, पण एकमेकींच्या जवळ नाही.

मिस्टर मला नसरापूरला फिजिओच्या मॅडमकडं न्यायचे. मॅडम वयानं लहान होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी सांगितलं, "हातांना रोज काम द्या. कपड्याचे चिमटे दाबा. वाल, वाटाणे एकेक करून उचला. कणीक मळा. वर्तमानपत्र फाडा. पण दमायच्या आत थांबायचं. हात थरथरायला लागेपर्यंत करायचं नाही."

पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी ऐकली नाही. मला घाई झाली होती. घरी आल्या आल्या मी चिमटे घेऊन बसले आणि ताटाच्या कडेला लावत राहिले. एक लावायला घाम फुटायचा. बोटं थरथरायला लागली तरी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी हात पार गेले. चमचासुद्धा धरता येईना. मी चिमट्यांचं ताट कोपरानं ढकलून दिलं. सगळे चिमटे जमिनीवर पसरले.

ईशू दारात होती. ती हळूच आत आली. चिमटे गोळा करायला लागली. मला वाटलं, परत ताटात ठेवेल. तिनं ते एकाला एक लावत नेले. एक चिमटा दुसऱ्याच्या शेपटीला, दुसरा तिसऱ्याच्या. लांबलचक रांग झाली.

"काय गं ते?" मी विचारलं.

"गोम हाय. चावंल तुला."

"मला न्हाई चावत."

"का?"

"माझ्या हाताला कळतच न्हाई ना."

तिनं थोडा विचार केला. मग ती गोम घेऊन खाटेजवळ आली आणि शेवटचा चिमटा माझ्या बोटाला लावला. "कळलं का?" तिनं विचारलं.

कळलं. थोडंसं, लांबून आल्यासारखं. पण कळलं. मी "आई गं" म्हणाले आणि ती खिदळत पळाली. मग परत आली. परत लावला.

त्या दिवसापासून आमचं दोघींचं सुरू झालं.

जेवढा तिचा जीव रमेल तेवढंच

हे जरा नीट सांगते, कारण माझ्या मते इथंच मला उपाय सापडला. चार वर्षांचं मूल एका गोष्टीत फार वेळ रमत नाही. चिमटे झाले की माती, माती झाली की पाणी. पूर्वी मला याचा वैताग यायचा. आता लक्षात आलं, ईशूचा जीव जेवढा वेळ रमतो, साधारण तेवढाच वेळ माझा हात चालतो. ती कंटाळून उठली की मीही थांबायचं. मॅडमनी सांगितलेलं मला जमत नव्हतं, ते ईशू उठून जायची म्हणून जमायला लागलं.

वाल, वाटाणे, राजमा एका परातीत मिसळायचे आणि वेगळे करायचे. ती भराभर करायची, मी एक वाल उचलेपर्यंत तिची वाटी भरायची. "तुला येत न्हाई," ती म्हणायची. वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, कारण गावातले सगळे "होईल हं, होईल" म्हणायचे. खरं बोलणारी तेवढी एकच होती. मग त्या दाण्यांची आम्ही चित्रं मांडायचो. शेळी, टेम्पो, डोंगर. दाणे मोजायचो. दवाखान्यासारखंच एका दमात आकडे म्हणायचो, पण आता कोण जास्त म्हणतं याचा खेळ होता. तिला आकडे येत नव्हते तिथं ती "बारा, तेरा, पंधरा, वीस" करून मला हरवायची.

वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडायचो. सासूबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली, ती लावून पट्ट्या फुटक्या मडक्याला चिकटवायच्या. भेंडी आडवी कापून रंगात बुडवून भिंतीवर ठसे उमटवायचे. भेंडीचं फूल होतं. रंग विकत आणायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण टेम्पोतनं रोज काय काय आणायला सांगणार? एकदा मी सासूबाईंच्या पानाच्या चंचीतला चुना बोटभर घेतला आणि हळदीच्या पाण्यात कालवला. पिवळं पाणी लालभडक झालं. ईशूनं माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं.

"आणिक कर."

चुना तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून कालवायचं काम माझं होतं. चमचा धरून गोल फिरवायचं. मी दुसरी वाटी केली. तिसरी केली. त्या दिवशी हात थरथरायला लागला तशी मी थांबले. तिनं सगळी भिंत लाल केली होती.

सगळे दिवस असे नव्हते. काही दिवशी मला तिचा आवाज नको व्हायचा. चालता येत नाही, बसून बसून पाठ दुखतेय, पायात आगीसारख्या कळा येतायत, आणि ही "आई बघ, आई बघ" करतेय. मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. ती थोडा वेळ "बघ की" म्हणायची, मग गप्प व्हायची. तिचं ते गप्प होणं ऐकवायचं नाही. पण वळायचं बळही नसायचं.

वनिताताई

दिवाळीनंतर माझी नणंद, वनिताताई, पुण्याहून आली. ती आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली. दोन दिवस तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या खाटेजवळ बसली.

"वयनी, राग मानू नको. ईशूला मी घेऊन जाते. आमच्या गल्लीतच नर्सरी हाय. हितं ती दिवसभर मातीत. ए-बी-सी-डी येत न्हाई तिला अजून."

"मी शिकवतीय ना तिला."

"काय, चिमटे?" ती वाईट अर्थानं बोलली नाही, पण बोलून गेली. "आन आईची कंबर बघितली का तू? तुझं करायचं, पोरीचं करायचं, शेळ्या बघायच्या. आईच पडली तर?"

मी मिस्टरांकडं बघितलं. ते बाहेर टेम्पो पुसत होते. टेम्पो स्वच्छच होता. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय बी न्हाई. मी करीन." पण त्यांनी वनिताताईला नाही म्हटलं नाही.

मला ओरडावंसं वाटलं. उठून पोरीला घट्ट धरावंसं वाटलं. उठता येत नव्हतं आणि धरता येत नव्हतं. आणि वनिताताईचं म्हणणं खोटंही नव्हतं. शेवटी मीच "ने" म्हणाले.

ईशू जाताना रडली नाही. नवा फ्रॉक होता, गाडीत बसायचं होतं. तिनं पिशवीत चिमटे घातले. घरातले सगळे.

ती गेली आणि घर कसं खायला उठलं. मी एकटीनं वाल उचलून बघितले. दहा-बारा उचलायच्या आधीच जीव वैतागायचा. कुणी उठून जायला नव्हतं, त्यामुळं कधी थांबायचं ते कळेना. एकतर मी नको इतकं करायचे, नाहीतर काहीच करायचे नाही. दिवसभर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. नसरापूरकडनं येणारी एसटी ओळखू यायला लागली होती.

एका दुपारी सासूबाई पळसाच्या पानांचा भारा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. खराट्याच्या काडीचे बारीक तुकडे केले. पानावर पान ठेवून काडीनं टाचायला लागल्या. पत्रावळी करत होत्या.

"कशाला, आत्या? आता कोण जेवतं पत्रावळीवर?"

"कोन न्हाई जेवत. तू टाच."

"मला काडी धरता येत न्हाई."

"मला बी पयल्यांदा येत नव्हती. माझ्या सासूनं हातावर काडी मारलीती." त्यांनी पान माझ्या मांडीवर ठेवलं. "मी न्हाई मारत."

पान फाटायचं. काडी मोडायची. सासूबाई मोडकी काडी घ्यायच्या आणि दुसरी द्यायच्या. मग अचानक त्यांच्या माहेरचं सांगायला लागल्या. धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव, तिथली जांभळाची झाडं, लग्नात किती पत्रावळी टाचल्या होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर राबले, पण अशी समोरासमोर बसून त्यांचं ऐकलं नव्हतं. आम्हाला वेळच नसायचा. अंधार पडायच्या आत माझी एक पत्रावळ झाली. वेडीवाकडी, मधून भोक पडलेली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"शेळीला घालू," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतकं हसलो की त्यांची कंबर परत धरली.

संक्रांतीच्या आधी वनिताताई ईशूला घेऊन आली. सुट्टीला म्हणून आली, पण पिशवीत ईशूचे सगळे कपडे होते.

"ठेव बाई तुझी तुझ्याजवळ," ती म्हणाली. "नर्सरीत सगळ्या पोरांच्या कानाला चिमटे लावलेत तिनं. आमच्या दोरीवर एक कपडा टिकत न्हाई. आन चुना आण, हळद आण म्हणून माझ्या फरशीचं..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "रोज झोपताना इचारायची. आईच्या बोटाला आता कळतं का म्हणून. मी काय सांगू तिला?"

ईशू खाटेजवळ आली होती. तिच्या फ्रॉकचं मागचं बटण सुटलं होतं. मी तिला वळवलं आणि बटण लावायला घेतलं. वनिताताईचा हात मदतीला पुढं आला आणि तसाच थांबला. बटण काजाशी जायचं आणि सटकायचं. ईशू एरवी एका जागी क्षणभर उभी राहत नाही. त्या वेळी राहिली. मान खाली घालून, श्वास धरून. बटण लागलं तेव्हा तिनं फुस्सकन श्वास सोडला आणि शेळ्यांकडं पळाली.

वनिताताईनं डोळ्याला पदर लावला. संक्रांत होईपर्यंत राहिली. जाताना ईशूसाठी अक्षरांचं पुस्तक ठेवून गेली, आणि "चिमटे झाल्यावर हे बी बघत जा," म्हणाली. आम्ही बघतो.

आता

होळीपर्यंत मी काठी घेऊन अंगणात यायला लागले. पाऊस पडायच्या आत काठी सुटली. आता घरातलं बहुतेक सगळं करते. दमले की बोटांना मुंग्या येतात, आणि त्या आल्या की वाटतं, परत सुरू झालं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पायाची बोटं हलवून बघते. हललेली कळतात तेव्हाच उठते. ही भीती कधी जाईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. ईशू आता अंगणवाडीत जाते. तिला माझ्याबरोबर बसायला पूर्वीसारखा वेळ नसतो, आणि ते ठीकच आहे.

मागच्या महिन्यात माझ्या भावाचा फोन आला. भोंगवलीत शैला म्हणून एक जण आहे, माझ्याच वयाची. तिला हाच आजार झाला. दवाखान्यातनं घरी आणलंय, पण कुणाशी बोलत नाही, खात नाही. "तू ये एकदा," तो म्हणाला.

मी ईशूला घेऊन गेले. पिशवीत चिमटे, वाल, जुनी वर्तमानपत्रं घेतली. काय बोलायचं ते मात्र सुचत नव्हतं. शैला पडवीत खाटेवर होती. तिची मुलगी, तीनेक वर्षांची, पलीकडं भिंतीला चिकटून उभी. आईकडं बघत होती, पण जवळ येत नव्हती.

मी तिच्या नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. थोडंच करायचं, थरथरायच्या आत थांबायचं, पोरीबरोबर करायचं. तो मान हलवत होता. शैला माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. माझ्या पायांकडं बघत होती.

"चालून दाखवा," ती म्हणाली. तिच्या नवऱ्यानं चमकून बघितलं.

मी उठले. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"परत."

परत चालले. वळताना जरा तोल जातो अजून, तो गेला. तिनं ते बघितलं. मी लपवलं नाही.

"पळता येतं?"

"न्हाई. पळता न्हाई येत अजून."

"मग पोर पळाली तर धरता कशी?"

"धरत न्हाई. हाक मारते."

"येती?"

ईशू तोवर वालांची पिशवी अंगणात उपडी करून बसली होती. मी तिच्याकडं बघून म्हणाले, "कदी येती. कदी न्हाई येत. मग परत मारते."

शैलानं उशीवरची मान जड दगड सरकवावा तशी हळूहळू वळवली आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या लेकीला हाक मारली.